टायपिंगवाल्या बाई आणि सौजन्याचा चहा

तुमच्याविरुद्ध तक्रार झाली आणि तपास करणारा माणूस तुम्हीच निवडायचा, त्याचा पगार तुम्हीच द्यायचा, नाही आवडला तर तुम्हीच काढायचा, असं ठरलं तर तुम्ही कधी दोषी ठराल का? नांदेडच्या आमच्या टायपिंगवाल्या बाई हा प्रश्न कुणालाही विचारायच्या. भाजीवाल्याला, कंडक्टरला, स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांनासुद्धा. समोरचा हसला की बाई त्याच्याहून मोठ्यानं हसायच्या आणि म्हणायच्या, "हसा, हसा. कायदा असाच येऊन राहिलाय."

त्यांच्या क्लासची एक रीत होती. दर महिन्याच्या परीक्षेचे पेपर त्या स्वतः तपासत नसत. गठ्ठा एसटीनं लातूरला जायचा, तिथल्या दुसऱ्या क्लासच्या मास्तरांकडे. हे मास्तर बाईंचे जुने प्रतिस्पर्धी. आमच्या चुका ते इतक्या प्रेमानं शोधायचे की कागद लालेलाल होऊन परत यायचा. आम्ही कुरकुर केली तर बाई म्हणत, "तुम्ही माझी लेकरं. तुमची चूक मला दिसतच न्हाई. त्या माणसाला माझी फजिती बघायचीय, त्याला बरोबर दिसती." मग लातूरचा गठ्ठा आला की चष्मा पुसून, पंगतीला बसावं तशा त्या बसायच्या.

देशभरातल्या भ्रष्टाचारावर देखरेख ठेवणारी संस्था उभी करायचा कायदा तेव्हा चर्चेत होता. संसदेच्या समितीनं लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. बाईंनी मसुदा मिळवला आणि आम्हाला वेगाच्या सरावासाठी तोच दिला. मी वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेली मुलगी. 'भ्रष्टाचार' हा शब्द आला की असा ठोका मारायची की कागदाला भोक पडायचं. बाई म्हणायच्या, "पोरी, यंत्रानं काय खाल्लंय तुझं?" संस्थेच्या अध्यक्षाला दूर करण्याचं कलम आलं तेव्हा मात्र त्यांनीच टेबलावर थाप मारली. "थांबा. हात वर. सरकारला वाटलं की अध्यक्ष घरी? मग त्यानं सरकारकडं बघावं कसं?"

त्या दुपारी यंत्रं बंद राहिली आणि आम्ही सगळ्यांनी भांडून भांडून निवेदन तयार केलं. निवड समितीत सरकारची माणसं जास्त नकोत. पैसा कुठल्या मंत्रालयाच्या मर्जीवर नको, थेट संसदेनं मंजूर करावा. मुदत ठरलेली हवी, आणि काढायचं तर आधी न्यायालयाकडून चौकशी. इतका आनंद मला परीक्षेत पहिली आल्यावरही झाला नव्हता.

आणि मग मी माती खाल्ली. सूचना पाठवण्याची मुदत चार दिवसांवर आली होती. अर्धापूरचे केळीचे व्यापारी भाऊसाहेब, जे पुढची निवडणूक लढवणार होते, म्हणाले, "छपाई माझ्याकडं." सह्यांच्या सभेला सभागृह त्यांचं, चहा त्यांचा, प्रत्येकाला दोन केळी. सह्यांचा पाऊस पडला. मी गठ्ठा नाचवत बाईंकडे नेला. त्यांनी वरचं पान बघितलं. स्वतंत्र संस्थेच्या मागणीखाली हात जोडलेले भाऊसाहेब हसत होते: 'सौजन्य'.

आमच्याकडे बारशाच्या पत्रिकेवरसुद्धा सौजन्य असतं. मला ते दिसलंच नव्हतं.

"कापून टाकते ना खालची पट्टी," मी म्हणाले.

"फोटो कापशील. पोटातला चहा कसा कापशील?"

सगळा गठ्ठा बाद. पुढचे दोन दिवस म्हणजे नुसता धुमाकूळ. नवी पानं आम्हीच टाइप केली आणि नांदेड ते लातूर, लातूर ते निलंगा एसटीत सह्या घेतल्या. खड्ड्यात गाडी आदळली की सही पानाबाहेर. एक आजोबा म्हणाले, "चहा न्हाई का?" बाई म्हणाल्या, "न्हाई. म्हणून तर तुमची सही लई महाग हाय." लातूरच्या मास्तरांनी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना रांगेत उभं केलं आणि निवेदनातल्या दोन चुकाही काढून दिल्या.

शेवटच्या दिवशी भाऊसाहेब फणफणत क्लासवर आले. "बाई, माझं नाव काढलंत?"

"सगळ्यांसारखं लिहा की. शेवटच्या ओळीत जागा हाय."

"आणि उद्या माझाच तपास निघाला तर?"

"तर तुमचंच भलं. तुमच्याच माणसानं निर्दोष म्हटलं तर कोण मानंल? परक्यानं म्हटलं तर गाव मानंल."

भाऊसाहेबांनी खिशातून पेन काढलं, निवेदन पुन्हा वाचलं. मग सही केली, नावापुढचं 'साहेब' न लावता. ते पान धरून मी जिने उतरले ते धावतच, आणि स्पीडपोस्टच्या खिडकीवरच्या माणसालाही निवेदन वाचून दाखवलं.

कायदा झाला. आमच्या मागण्यांतलं थोडं आलं, बरंच राहिलं. मागच्या वर्षी बाई आजारी पडल्या. दवाखान्यात मला खासदारांना लिहायचं पत्र सांगत होत्या: त्या संस्थेतली पदं रिकामी ठेवली तर तिला मोडायचीही गरज पडत नाही. दुसऱ्या परिच्छेदात दमल्या. "उरलेलं उद्या," म्हणाल्या. तो उद्या आला नाही.

ते अर्धं पत्र मी पुरं करून पाठवलंय. पण एकटं पत्र फायलीत झोपतं. तेव्हा आज तुम्ही तुमच्या खासदारांना लिहा: तिथं किती पदं रिकामी आहेत, कधी भरणार, आणि निवडणारे कोण? उत्तर आलं नाही, तर पुढच्या महिन्यात पुन्हा लिहा.