सुतळीची गाठ आणि भिंतीवरचे वाक्य

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी खालापूरजवळच्या चिनी मातीच्या कपांच्या एका लहान कारखान्यात लागलो. वर ठरलेले धोरण खालच्या प्रत्येक टेबलापर्यंत समजावून पोहोचवणे, हे माझे काम. त्या वर्षी ठरले होते, ‘ग्राहकाभिमुखतेतून शाश्वत वृद्धी’. मोठ्या अक्षरांतले ते वाक्य पॅकिंग विभागाच्या भिंतीवर लागले आणि तिथल्या बायका त्याखाली जेवणाचे डबे ठेवू लागल्या.

धोरणाला दुसरी बाजूही होती. कप फुटल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत, तर पॅकिंग बाहेर ठेक्यावर जाणार होते. पॅकिंगच्या टेबलाची प्रमुख कशेळ्याच्या पलीकडून जीपने येई. बाकीच्या जणींना तिनेच तिकडून आणले होते.

“आमचा माल हलत नाय, गुरुजी,” ती म्हणाली. “गाठ बघा की!”

गाठ खरोखर पाहण्यासारखी होती. लाकडाचा भारा डोंगरावरून उतरवताना घालतात ती. एकदा बसली की बसली.

शाळेत मी व्याख्येआधी उदाहरण देत असे. इथेही तेच केले. बांधलेली पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “आज तुम्ही दुकानदार, मी गिऱ्हाईक. घरी पाहुणे आलेत. सहा कप द्या, लवकर!”

एकीने नखे लावून पाहिली. दुसरीने दात लावले.

“अगं, दात पडंल तुझा!”

“तूच बांधलीस ना? मग तूच सोड.”

“बांधताना मला कुठं सोडायची होती?”

“अहो, पाहुणे निघाले की!” मी गिऱ्हाइकाची घाई चालू ठेवली.

शेवटी प्रमुख पुढे झाली. पेटी गुडघ्यांत धरून तिने असा हिसका दिला, की आत स्पष्ट ‘खळ्ळ’ झाले. सगळ्या एकदम हसल्या. ती मात्र हसली नाही.

“म्हणजे वाटेत फुटत नाय. आमच्या गाठीपायी दुकानात फुटतात?”

“तसेच दिसते.”

तिने सुतळी हातात घेऊन थोडा विचार केला. “वासराला खुंट्याला बांधतो तशी घालू. वासरू ओढतं तरी सुटत नाय, आपण दोरीचं मोकळं शेपूट ओढलं की सुटते.”

तशी बांधलेली एक पेटी आम्ही टेंपोतून लोधिवलीपर्यंत फिरवून आणली. गाठ जागची हलली नव्हती. मग भिंतीवरच्या वाक्याखाली मी खडूने लिहिले: ‘दुकानदाराला पेटी एका ओढीत उघडता यावी.’ धोरणातून हाताने नेमके काय करायचे हे सांगता येत नसेल, तर ते धोरण आपल्यालाच अजून कळलेले नाही, असे समजावे.

पुढे तक्रारी ओसरल्या. एके दिवशी कारखान्याचे साहेब स्वतः पेटी उघडून पाहायला आले आणि नेमके भलतेच टोक ओढू लागले.

“साहेब, शेपूट! शेपूट धरा!” सगळ्या एकदम ओरडल्या.

साहेबांनी शेपूट धरले. पेटी उघडली, कप शाबूत होते. हसू आवरत ते म्हणाले, “पॅकिंग इथेच राहील.”

प्रमुख बाईने पुढची पेटी जवळ ओढली, गाठ घातली आणि बाहेर उभ्या हमालांना हाक दिली, “चला रं, भरा गाडी!”