धोंडी सावंताचं तिसरं पदक

डॉक्टर अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका पदकाचा दात तपासताना. निदान मला तसंच वाटलं. लिलावाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळा माल हॉलमध्ये मांडून ठेवतो, ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं म्हणून. एक उंच, वाकलेले गृहस्थ आले, खिशातून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांडीचा चिमुकला आरसा काढला आणि मखमलीवर ठेवलेल्या पदकाच्या कडेला धरून एक डोळा मिटून बघत बसले. मी जवळ गेले तेव्हा मान वर न करता म्हणाले, "स्वल्प थांबा बाई. ह्याचं नाव वाचतो. मधी राजाचं तोंड हाय, ते कुणीबी बघतंय. शिपायाचं नाव कडेला घालतात."

मी बंगळुरातल्या या लिलाव कंपनीत कॅटलॉग लिहिते. तलवारी, ठासणीच्या बंदुका, पलटणींचे बिल्ले, पदकं. वस्तू कुठली, केव्हाची, किती झिजलेली, हे चार ओळींत लिहायचं आणि पुढच्या वस्तूकडे वळायचं. सुरुवातीला कुतूहल असतं, मग पाठ दुखायला लागते. येलहंक्याहून शहरात यायचं, दिवसभर भिंगातून बघायचं आणि त्याच वाहतुकीतून परत जायचं, यात शौर्याचं काही वाटेनासं होतं. गिऱ्हाईकंही तशीच. महादेवपुऱ्यातल्या विसाव्या मजल्यावर सोफ्यामागे लावायला तलवार हवी असते, आणि फोनवर विचारतात, "मॅडम, यात थोडी मोठी साइज नाही का?"

अण्णांचं पूर्ण नाव डॉ. हनुमंतराव पिसाळ. चामराजपेटेत त्यांचा दातांचा दवाखाना होता. घराणं कधीकाळी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की दोन वेगळ्या भाषा आहेत हे त्यांना सांगावं लागलं असतं. मी सांगलीची. अण्णांच्या लेखी बेळगावच्या पुढचं सगळं पुणंच, त्यामुळे मी कायमची 'पुण्याच्या बाई'. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मुलगी कॅनडात. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण पद्माक्का, दोघंच. पद्माक्का त्यांना या वयातही 'हनमा' म्हणून हाक मारी, आणि ते दवाखान्यातून ओ देत.

त्यांच्या संग्रहात एकच बंदूक होती, ठासणीची, गंजून बंद पडलेली. पण निवडणूक आली की हत्यारं जमा करा म्हणून पोलीस ठाण्यातून निरोप यायचा. अशा जुनाट बंदुकीला हा नियम लागत नाही, असं मी त्यांना सांगून पाहिलं. "होगली बिडी, जाऊ द्या," ते म्हणाले. "त्यांना समजावून सांगण्यापरीस बंदूक उचलणं हलकं." चादरीत गुंडाळून रिक्षातून न्यायची, पावती घ्यायची, निकाल लागला की परत आणायची. एकदा एका हवालदाराने विचारलं, "सार, ही फुटते काय?" अण्णा म्हणाले, "माझ्या तोंडात जितके दात हायत ना, तितकाच जोर हिच्यात हाय." त्यांनी कवळी काढून दाखवली म्हणे. पुढच्या निवडणुकीला तो हवालदार आधी दाढ दाखवायला आला.

पण त्यांचा खरा जीव पदकांत, आणि तोही विचित्र पदकांत. चांगला, पुरा, चकचकीत संच त्यांना नको असे. त्यांना फुटलेले संच हवे असत. पहिल्या महायुद्धातल्या शिपायाला साधारण तीन पदकं मिळत. एक पितळी तारा, एक पितळी गोल आणि एक चांदीचं. तिन्हींवर त्याचं नाव आणि नंबर. शिपाई मरतो, मुलं वाटण्या करतात, नातू विकतात, आणि तीन पदकं तीन गावांना जातात. व्यापारीही संच मुद्दाम फोडतात, सुटं विकलं की जास्त सुटतं. अण्णा आयुष्यभर ही तुकडेजोड करत आले. एक हैदराबादला मिळे, दुसरं आमच्याकडे चार वर्षांनी. संच जुळला की पेढे घेऊन येत आणि सांगत, "बाई, आज नाईक रामा मोरे घरला आला." आमचा मॅनेजर पेढा खाई आणि मला हळूच विचारी, "यांचे कोण लागत होते?"

कुणीच लागत नव्हते. मीही एकदा विचारलं होतं. धोंडी सावंत नावाच्या एका शिपायाचा तारा आणि पितळी पदक अण्णांनी तरुणपणी चिकपेटेतल्या एका भंगारवाल्याकडून घेतलं होतं. त्यांच्या संग्रहातली ती पहिली दोन पदकं, आणि नेमका तोच संच अपुरा. चांदीचं पदक काही केल्या मिळत नव्हतं. "तुमच्या नात्यातला का हा?" मी म्हटलं. "नात्यातला असता तर एवढं कोण करतंय?" अण्णा म्हणाले. "घरच्या माणसाला कोण विचारतो हो?"

चांदीचं पदक का मिळत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पितळ कुणी घेत नाही म्हणून पितळ टिकतं. चांदी घरातल्या अडीअडचणीला सोनाराकडे जाते आणि तिची जोडवी होतात. मी तसं बोलूनही दाखवलं. दमलेलं माणूस खरं बोलून मोकळं होतं. ते रागावले नाहीत. "सगळी चांदी वितळत नाही बाई. काही आळशी लोक असतात, सोनाराकडे जायचा कंटाळा करतात. त्यांच्या भरवशावर मी हाय." मात्र त्यांच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं होतं. समोरच्या वस्तूचा मधला भाग दिसेना, फक्त बाजूचं दिसे. दवाखाना त्यांनी बंद केला. आरसा टाकून भिंग घेतलं, मग त्याहून मोठं भिंग. स्वतः नाव वाचता येतंय तोवर धोंडीचं पदक मिळावं, एवढी एकच घाई त्या सावकाश माणसाला होती. बंगळुरातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला त्यांनी धोंडीचा नंबर तोंडपाठ करायला लावला होता.

आणि एका हंगामात ते पदक आमच्याकडे आलं. चांदीचं, गोल, कडेवर नाव धोंडी सावंत, पलटण तीच, नंबर तोच. मी अण्णांना फोन केला. त्यांनी मला नंबर दोनदा वाचायला लावला. मग ते म्हणाले, "सरी, बरं, येतो," आणि अर्ध्या तासात हॉलमध्ये हजर झाले, पायात दोन वेगळ्या चपला. भिंगाखाली पदक धरून त्यांनी नाव वाचलं, एकेक अक्षर, मोठ्याने. नंतर भिंग खिशात घातलं, खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. आम्हा सगळ्यांना ते नेहमी बजावत आले होते की आधी कडेची जाडी बघा, नाव मागनं वाचा. नाव काय, कुणीही कोरतो. त्या दिवशी मात्र ते आधी नाव वाचून बसले, आणि कड बघायची राहून गेली.

लिलावात फोनवरून कुणीतरी बोली चढवत नेली. अण्णांनी हात वर धरला तो खाली घेतलाच नाही. हॉलमधले जुने संग्राहक कौतुकाने बघत होते. हातोडा पडला तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या हॉलमध्ये असं कधी होत नाही. मलाही बरं वाटलं. या नोकरीत बरं वाटण्याचे प्रसंग कमी, म्हणून तो लक्षात आहे.

चार दिवसांनी पद्माक्कांचा फोन आला. "हनमा जेवत नाही गं. येऊन जा." मी गेले. जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली तिन्ही पदकं ओळीने मांडली होती आणि अण्णा डोळे मिटून चांदीच्या पदकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मला बसा म्हणाले नाहीत. माझा अंगठा धरून त्या कडेवर ठेवला. "ह्याची कड घासली हाय. एकसारखी नाही, नावाच्या जागी पातळ लागती. आयुष्यभर दात घासले मी. मला कळायला पाहिजे होतं."

पदक खरं होतं, चांदीही खरी. खोटं फक्त नाव होतं. दुसऱ्या कुठल्या तरी शिपायाचं पदक घेऊन, त्याचं नाव कानशीने घासून काढून, त्या जागी धोंडी सावंत कोरला होता. काम सफाईचं होतं. कॅटलॉग मीच लिहिला होता आणि मला कळलं नव्हतं. अण्णांनी मोठं भिंग पुढे केलं. नव्या अक्षरांच्या शेवटी, अगदी टोकाला, एका जुन्या अक्षराचा पाय तेवढा शिल्लक होता. त्यावरून नाव ओळखणं कुणालाही शक्य नव्हतं.

मी म्हटलं, परत द्या. आमच्याकडे तशी सोय आहे, खोटं निघालं तर माल परत घेतात. मी स्वतः लिहून देते. माझा आवाज चढला होता, कारण मला राग आला होता. विकणारा कोण हे मला माहीत होतं, आणि ते सांगायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम.

"कोण विकला, मला सांगू नका," अण्णा म्हणाले. "त्यानं कानस चालवली, बरोबर. पण कुणासाठी? सगळ्या बंगळुराला मी सांगत सुटलो, डॉक्टरला धोंडी पाहिजे, डॉक्टरला धोंडी पाहिजे. पाहिजे म्हटल्यावर कुणीतरी करून देणारच की. माझ्या हौसेपायी एक माणूस पुसला गेला, बाई."

"तुम्ही नाही पुसलंत," मी म्हटलं.

"परत दिलं तर काय हुईल? हे नाव बी घासतील. तिसरं घालतील. कड किती दिवस पुरणार?" त्यांनी पदक मुठीत धरलं. "नको. बेडा. हा आता हितंच राहू दे."

पैसे त्यांनी परत घेतले नाहीत. मॅनेजर सुटकेचा नि:श्वास टाकून म्हणाला, भला माणूस आहे. त्यानंतरही अण्णा लिलावाला येत, मागच्या रांगेत बसत, चहा घेत, पण हात कधी वर केला नाही. बोलणं कमी झालं होतं. कुणी संग्राहक त्यांना मला अमक्याचं पदक पाहिजे असं सांगू लागला, की ते त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, "हळू बोला. सुम्ने, गप बसा. मोठ्यानं मागू नका." लोकांना वाटे, म्हातारा चळला. मला ते फार थकलेले दिसत. धोंडीचा संच पुरा करायची उमेद तर गेलीच होती, आणि तिच्या जागी दुसरी काही आली नव्हती. श्रावण संपता संपता अण्णा झोपेतच गेले.

कॅनडाहून मुलीने कळवलं की संग्रह आमच्या कंपनीनेच विकावा. मी यादी करायला जाणार, तोच पद्माक्कांचा निरोप आला. नवमी होऊ दे. पिसाळांच्या घरात खंडेनवमीला हत्यारांबरोबर पदकांचीही पूजा होत असे, हे मला तेव्हा कळलं. पाटावर पदकं मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि प्रत्येकाचं नाव मोठ्याने घ्यायचं. "मला इंग्रजी येत नाही," अक्का म्हणाल्या. "वाचायला तू ये."

सुट्टीचा दिवस होता. झेंडूची फुलं लावलेल्या बसमधून मी गेले आणि पाटासमोर मांडी घालून वाचत बसले. सखाराम जाधव. रामा मोरे. बाळा पवार. मी नाव घ्यायची, अक्का कुंकू लावायच्या. इतकी वर्षं मी ही नावं लिहीत आले, मोठ्याने कधी उच्चारली नव्हती. धोंडी सावंतापाशी आलो. तारा झाला, पितळी पदक झालं. चांदीचं हातात घेतलं आणि कडेवरचं नाव वाचायला मी तोंड उघडलं.

"ते वाचू नको," अक्का म्हणाल्या. "ते त्याचं नाव नव्हे. हनमा ह्याला नुसता हात जोडायचा." आम्ही हात जोडले. कोणाला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

पूजा आटोपल्यावर मी विचारलं, यादी कधी करू? त्या म्हणाल्या, उद्याच कर, पोरीचे पैसे पोरीला जाऊ देत. "पण हे एक लिहू नको. बाकीच्यांना नावं हायत, त्यांना कुणीतरी घेऊन जाईल. ह्याला कोण नेणार?" त्यांनी पदक उलटं केलं. मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला एक वीर आहे. तो त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितला, आणि देवघरात, चांदीच्या पत्र्यावर ठसवलेल्या टाकांच्या ओळीत, घोडेस्वार खंडोबाच्या टाकाला लागून ठेवला.

मी म्हटलं, "अक्का, देवांत चालेल?"

"देव कुठं सगळे?" त्यांनी बोट दाखवलं. "हे पलीकडचे चार आमच्या वाडवडिलांचे टाक. ह्यातला आजा कुठला, पणजा कुठला, मला तरी कुठं माहीत? रोज आंघोळ घालते."