उसनी टिकली

पडदेताईंना खरं नाव होतं, पण ते आता विजेच्या बिलापुरतंच उरलं होतं. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, आपल्या खोलीतल्या मशिनवर पडदे शिवायचे आणि परत जाऊन स्वतःच्या हाताने लावून यायचे, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. शहरातल्या निम्म्या खिडक्या त्यांनी आतून पाहिलेल्या. माणसं विसरायच्या, खिडक्या नाही. कुणी एखाद्या वकीलबाईंचा विषय काढला, की त्या कपाळाला आठ्या घालायच्या आणि मग एकदम म्हणायच्या, "हां हां, ती पश्चिमेची खिडकी! संध्याकाळी भिंतीवर केशरी पट्टा येतो, ती!"

पडदा लावून झाला की एकदा ओढून बघायचा असतो. त्या क्षणी खोलीचा रंगच पालटतो. उजेड कापडातून गाळून आत येतो, भांडी, खुर्च्या, माणसांचे चेहरे सगळं जरा लांब गेल्यासारखं वाटतं. पडदेताई अशा वेळी स्टुलावरच उभ्या राहायच्या, तोंडात दोन टाचण्या तशाच धरून. खाली गिऱ्हाईक खाकरतंय, पाय बदलतंय, याचं त्यांना भानच नसायचं.

चित्रकारांच्या मंडळात त्या शिरल्या त्याही पडद्याच्याच निमित्ताने. मंडळ भरायचं जुन्या बर्फाच्या कारखान्यात. बर्फ बनणं कधीच बंद झालं होतं, पण त्या जाड भिंती अजून गार होत्या आणि आत बोललेलं प्रत्येक वाक्य जरा घुमून परत यायचं, त्यामुळे प्रत्येकाला आपलं म्हणणं मोलाचं वाटायचं. दर शनिवारी चहा, बिस्किटं, वाद. एकमेकांच्या चित्रांची तोंडावर वाहवा करायची आणि जिन्यात पोचल्यावर नाक मुरडायचं, हे ठरलेलं. पण कुणाचं छप्पर गळायला लागलं की हेच सगळे शिडी घेऊन हजर व्हायचे. पडदेताई दालनाच्या काळ्या पडद्याचं माप घ्यायला गेल्या आणि बसल्या त्या बसल्याच. पुढच्या शनिवारी पडदा आणला, त्याच्या पुढच्या शनिवारी रंगांची पेटी.

मंडळाचे कर्तेधर्ते म्हणजे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पण अजून कुणाच्याही हातातला ब्रश काढून घेऊन "असं नाही, असं" म्हणायची खोड गेलेली नव्हती. त्यांचा उजवा हात म्हणजे जलरंगकाका. ते जलरंगाशिवाय कशाला हात लावायचे नाहीत, आणि स्वतःही तसेच ओले. कुणाचं चांगलं झालं तरी डोळ्यांना रुमाल, वाईट झालं तरी रुमाल.

पडदेताई खिडक्याच काढायच्या. दुसरं येतच नव्हतं म्हणा ना. पण ज्या वर्षी मास्तरांनी "यंदा तुमचंही एक लावू या" म्हटलं, त्या वर्षी त्यांनी काढली ती गिऱ्हाइकाची खिडकी नव्हती. ती त्यांच्या लहानपणीच्या खोलीची होती. दोन पलंग, मध्ये हातभर जागा, आणि पूर्वेच्या खिडकीला पिवळ्या कापडाचे दोन पडदे. पहाटेचा उजेड त्यांच्यातून येऊन दोन्ही उशांवर सांडलेला. त्यातला डावीकडचा पडदा उजवीकडच्यापेक्षा चांगला वीतभर आखूड.

"अहो, पडदेवाली होऊन पडदा वाकडा?" मास्तर म्हणाले, आणि ब्रशकडे त्यांचा हात गेलाच.

"हात लावू नका," पडदेताई म्हणाल्या. "तो तसाच होता."

ते पडदे म्हणजे त्यांच्या आयुष्यातली पहिली शिलाई. माप घेताना फितीचं दुसरं टोक धरलं होतं धाकट्या बहिणीने. ती सदा काहीतरी गुणगुणत असायची म्हणून घरात तिला सगळे भुंगा म्हणायचे. भुंगा गुणगुणण्यात दंग, टोक खिळ्याच्या पार खाली धरलेलं, आणि पडदा व्हायचा तो झाला. त्यावर दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या. पुढे मोठेपणी इतर कुणाच्या हातून तेवढी चूक झाली असती, तर पडदेताईंनी त्याला सोलून काढलं असतं.

कारण पडदेताईंची जीभ त्यांच्या कात्रीसारखीच होती, आणि त्यांना ते ठाऊक होतं. आई गेली तेव्हा भुंगा दूरच्या गावी नोकरीला होती. तिला यायला उशीर झाला. आईचं सगळं करून दमलेल्या पडदेताईंनी तिला दारातच गाठलं आणि म्हणाल्या, "पाहुण्यासारखी आलीस, तशीच पाहुण्यासारखी जा." भुंगा आल्या पावली वळली. चहाही न घेता गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. ती पुन्हा याच शहरात राहायला आली, नदीपलीकडे, हेसुद्धा पडदेताईंना एका गिऱ्हाइकाकडून कळलं. कितीदा बसमध्ये बसून त्या पुलापर्यंत गेल्या आणि पुलाच्या अलीकडेच उतरल्या. काय तोंड घेऊन जायचं? बोलायला गेलं की कात्रीच बाहेर यायची. म्हणून त्यांनी ते चित्र काढलं. ते भुंग्यासाठी होतं, दुसऱ्या कुणासाठी नव्हतं. प्रदर्शनाचं छापील निमंत्रण त्यांनी तिच्या पत्त्यावर टाकलं. आत एक शब्द लिहायचं धाडस झालं नाही.

आता मंडळाची एक रीत सांगायलाच हवी. विकल्या गेलेल्या चित्राच्या कोपऱ्याशी लाल कागदाची टिकली चिकटवतात, हे सगळ्याच प्रदर्शनांत असतं. पण या मंडळात पहिल्यांदा चित्र लावणाऱ्याला उद्घाटनाच्या संध्याकाळी गुपचूप एक उसनी टिकली मिळायची. विकलं-बिकलं काही नसायचं. आपल्या चित्रापुढे कुणी थांबत नाही हे बघत नव्या माणसाने अख्खी संध्याकाळ कोपऱ्यात सुकू नये, एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी जमून ती टिकली काढायची, त्याला खरं काय ते सांगायचं, हसायचं आणि त्याच्याकडून चहा उकळायचा. मास्तरांपासून सगळे या टिकलीतून गेलेले. ज्याला अजून मिळाली नाही त्याच्यापाशी अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. चित्रकारांना नाही तरी पोटात काही ठेवता येत नाही, पण हे मात्र ठेवता यायचं.

उद्घाटनाची संध्याकाळ पडदेताईंना पुढे कधीच सलग आठवली नाही. दिवे पिवळे होते, गार भिंतींवर चित्रं पाण्याखाली ठेवल्यासारखी दिसत होती, आणि माणसांचं बोलणं घुमून घुमून एकच आवाज झाला होता. त्या दाराकडे बघत होत्या. प्रत्येक पाठमोरी बाई भुंगा वाटायची आणि वळली की दुसरीच निघायची. तेवढ्यात काळ्या पडद्याची एक कडी निसटली, आणि "ताई, तुमच्याशिवाय कोण?" म्हणत कुणीतरी त्यांना मागे नेलं. त्या शिडीवर चढल्या, सुई-दोरा काढला, कडी पक्की केली. चांगला वेळ गेला. परत दालनात आल्या तर त्यांच्या चित्राच्या कोपऱ्याशी लाल टिकली.

त्या चित्राजवळ गेल्या. आधी वाटलं, हे काय होऊन बसलं, चित्र तर भुंग्याचं! विकायचं नाही अशी पाटी लावायचं आपल्याला सुचलं कसं नाही? आणि मग दुसरा विचार आला, इतका हळूच की त्यांनी त्याला धक्कासुद्धा लावला नाही. दोन पलंग आणि एक वाकडा पडदा, हे घरी कोण नेणार? ज्याला ते ओळखीचं आहे तोच ना?

"मास्तर, कुणी घेतलं हो?" त्यांनी विचारलं.

मास्तर मिश्यांत हसले. "कळेल उद्या. एवढी घाई काय?"

झालं. पडदेताईंचे पाय जमिनीला लागेनात. ती आली होती. न बोलता आली, न बोलता घेऊन टाकलं, तिचा स्वभावच तसा. त्या घरी गेल्या, दिवा न लावताच मशिनपाशी बसल्या, आणि किती दिवसांनी त्यांना ती खोली डोळ्यांसमोर अशी स्वच्छ दिसली की पांघरुणावरची फुलंसुद्धा मोजता आली असती. दुसऱ्या पलंगावरून गुणगुणणं ऐकू येत होतं. ऐकता ऐकता झोप लागली.

सकाळी त्या बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन कारखान्यात पोचल्या. सगळे त्यांच्या चित्रापुढे अर्धगोल करून उभे. मास्तरांनी नखाने टिकली अलगद सोडवली, पडदेताईंच्या तळहातावर ठेवली आणि उसन्या टिकलीची सगळी हकीकत रंगवून सांगितली. हशा पिकला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

पडदेताई हसल्या नाहीत. त्या तळहाताकडे बघत राहिल्या. "म्हणजे कुणीच घेतलं नाही?"

"कुणीच नाही!" मास्तर खुशीत म्हणाले. "आम्हा कुणाचंच घेतलं नव्हतं, ताई. काढा आता चहा!"

म्हणजे ती आलीच नव्हती. काल रात्री आपण कुणाचं गुणगुणणं ऐकत होतो? पडदेताईंनी बिस्किटांचा पुडा खाली ठेवला. त्या खुर्चीत बसल्या. मंडळी चपापली. जलरंगकाकांनी सवयीने रुमाल काढला आणि वातावरण जरा हलकं करावं म्हणून ते म्हणाले, "अहो, वाईट काय वाटून घेता? टिकली नसती तर एका बाईंनी कालच नेलं असतं. तुम्ही मागे शिडीवर होतात तेव्हा. किती वेळ उभ्या होत्या! मला विचारलं, हे मिळेल का. मी म्हटलं, पहिल्याच तासात गेलं हो, फार मोठ्या माणसाने घेतलंय. नियम म्हणजे नियम. बरं, तुम्हाला बोलवून आणू का म्हटलं, तर नको म्हणाल्या."

"कशा होत्या दिसायला?"

"चारचौघींसारख्या. पण गंमत म्हणजे टीकाकार असाव्यात. जाता जाता म्हणतात, डावीकडचा अजून आखूडच आहे. आणि हसल्या. म्हणजे, हसल्या की रडल्या, मला काही नीट..."

काकांचं वाक्य तिथेच अडलं, कारण पडदेताई उठल्या होत्या. एरवी त्यांनी काकांना तिथल्या तिथे कापून काढलं असतं, आणि शब्द आलेही होते जिभेवर, चांगले धारदार. पण काकांचा चेहरा आधीच पांढराफटक पडला होता. पडदेताई वळल्या आणि त्यांनी चित्र खिळ्यावरून उचललं.

"ताई, प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरून काही उतरवत नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं.

"उतरवू द्या," मास्तर म्हणाले. त्यांनी खुर्चीवर राहिलेली ती लाल टिकली घेतली आणि रिकाम्या खिळ्याच्या खाली, भिंतीवरच चिकटवली. काका म्हणाले, मी उचलून देतो, सोबत येतो, माझीच चूक. पडदेताईंनी त्यांना बसथांब्यापर्यंत येऊ दिलं. त्यापुढे नाही.

त्या दिवशी पडदेताई पुलाच्या अलीकडे उतरल्या नाहीत. चित्र मांडीवर उभं धरून त्या खिडकीशी बसल्या. खाली नदी संथ चालली होती आणि तिच्यावर इतका उजेड होता की पलीकडची घरं हलल्यासारखी दिसत होती. तिथे पोचल्यावर काय बोलायचं याची त्यांनी मनात चार वाक्यं जुळवली. चारही मोडली.

घर वरच्या मजल्यावर होतं. दार उघडलं. भुंग्याचे केस पिकले होते. ती आधी बहिणीकडे बघत राहिली, मग चित्राकडे.

"विकलं म्हणाले," ती म्हणाली.

"खोटं होतं ते. टिकली उसनी होती." पडदेताई म्हणाल्या. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही जवळ नव्हतं. मग जे कधीच जुळवलं नव्हतं ते तोंडातून निघालं. "मी तुला फार वाईट बोलले होते गं. चुकलं माझं."

भुंग्याने नाक ओढलं. "ये आत," ती म्हणाली. "पाहुण्यासारखी दारात काय उभी राहतेस?"

खोली लहान होती, नेटकी होती. पडदेताईंचे डोळे सवयीने खिडकीकडे गेले. पूर्वेची. तिला पडदा नव्हता. एक जुनी चादर दोन खिळ्यांना बांधलेली आणि एका बाजूने ओघळलेली.

"इतक्या वर्षांत पडदा नाही शिवून घेतलास?"

"कुणाकडून घेणार होते?" भुंगा म्हणाली.

चहा झाला, तो निवला, परत गरम झाला. चित्र दोघींच्या मध्ये भिंतीला टेकवून ठेवलेलं. ऊन सरकत सरकत त्याच्यापर्यंत आलं, आणि रंगवलेला उजेड कुठला आणि खरा कुठला ते थोडा वेळ कळेना.

पडदेताईंनी पिशवीतून फीत काढली. ती पिशवीत असायचीच. त्या स्टुलावर चढल्या तेव्हा भुंगा म्हणाली, "तू उतर, या वयात पडशील. वरचं टोक मी धरते." आणि ती चढली. पडदेताई खाली गुडघे टेकून बसल्या, फीत ताणली आणि आकडा बघायला मान वर केली.

भुंगा खिडकीबाहेर बघत होती. काहीतरी गुणगुणत होती. टोक खिळ्याच्या चांगलं वीतभर खाली धरलेलं होतं.

पडदेताईंनी ते पाहिलं. आकडा वाचला, मनाशी पक्का केला आणि म्हणाल्या, "झालं. उतर आता."