अक्काचा फोटो

अक्का गेल्याचं सांगायला भाचा नांदुऱ्याहून आला, तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो. "मामा, माय गेली," एवढंच म्हणून तो बाकावर बसला. त्याला पाणी देण्याआधीच माझ्या तोंडून निघालं, "खोकला होता का तिले?" त्यानं चमकून वर पाहिलं. मग म्हणाला, "धाप लागत व्हती. दवाखान्यात चाल म्हटलं तं आलीच नाही." सख्खी बहीण गेली आणि मी आधी विचारलं ते हे... माझ्यामुळे तर नाही ना, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मला क्षय झाला. अशा रोग्याला महिनोन् महिने दवाखान्यात ठेवायची पद्धत होती, पण खाटा पुरत नसत. रोगी घरी राहून औषध घेऊनही तितकाच बरा होतो का, आणि घरच्यांना त्याची बाधा होते का, याचा काही डॉक्टर अभ्यास करत होते. कोणी कुठे राहायचं ते चिठ्ठी ठरवी. मी मनातल्या मनात दवाखाना मागत होतो. चिठ्ठी घराची निघाली. माझं घर जळगाव जामोदकडच्या खेड्यात. नर्सबाईंना गोळ्या द्यायला रोज येता येईल असा पत्ता हवा होता. मी तोंड उघडायच्या आत सोबत आलेली अक्का म्हणाली, "नांदुरा लिहा साहेब. माह्या घरी राहीन तो."

बहिणीच्या सासरी भाऊ चार दिवसांचा पाहुणा म्हणून शोभतो. मी वर्षभर ओसरीवरच्या खाटेवर पडून होतो. माझी थुंकी पडायची तो डबा अक्का स्वतः उकळत्या पाण्यानं धुवायची आणि मी भिंतीकडे तोंड करायचो. माझ्यापायी त्या घरातल्या प्रत्येकाला अधूनमधून छातीच्या तपासणीला जावं लागे. एक्स-रेला सगळे फोटोच म्हणत. पहिल्या खेपेला अक्काची सासू ठेवणीतलं लुगडं नेसून, नथ घालून निघाली. दवाखान्यात पोचल्यावर अक्का हळूच म्हणाली, "आत्याबाई, हा फोटो आतला निंघते. नथ दिसत नाही त्याच्यात."

"मंग घरीच काऊन नाही सांगितलं वं?"

"तुमी लय दिवसानं नटल्या व्हत्या."

म्हातारीसकट सगळे हसले. मी जमिनीकडे बघत होतो. माझ्या रोगासाठी ती म्हातारी रांगेत उभी होती.

वर्षाअखेरी मी बरा झालो. घरातल्या एकालाही बाधा झालेली नाही, असं डॉक्टरांनी समाधानानं सांगितलं. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "आता तरी मान वर कर, बापू." मी केली. पुढची दहाएक वर्षं मी त्याच भरवशावर ताठ मानेनं जगलो.

तेरवीला पंगतीत अक्काच्या धाकट्या जाऊबाई वाढत होत्या. माझ्यापाशी थांबून रडत-हसत म्हणाल्या, "भाऊ, अक्का मोठी लबाड व्हती. फोटोले मले दोनदा उभं करे. एकदा माह्या नावानं, एकदा तिच्या. डोक्यावर पदर घेतला का फोटोवाल्या मानसाले काय समजते?"

"काऊन पण?"

"तिले तवा खोकला व्हता ना. डाग दिसला तं घरचे तुमाले गावाले धाडतीन म्हने. तिनं शपथ घातली व्हती, म्हनून आजवर बोलली नाही."

आज कितीतरी रोगी आपल्या माणसांत राहून औषध घेतात आणि बरे होतात. घरच्यांना त्यानं जास्त धोका नसतो, हे त्या अभ्यासानं दाखवलं ते खरंच असेल. फक्त आमच्या घरापुरतं काय खरं होतं ते अक्कालाच ठाऊक असेल, किंवा तिलाही नसेल... जाऊबाई वरणाची वाटी घेऊन पुन्हा आल्या. "घ्या भाऊ, तुमच्याच बहिनीचं घर हाय," म्हणाल्या. मी पानावर आडवा हात धरला होता. तो बाजूला करून त्यांनी वाढलं, आणि सगळे उठेपर्यंत मी मान खाली घालून जेवत राहिलो.