धावण्याच्या दिवशीची खिचडी

माझा स्वभावच मेला काळजीचा. पोलीस भरतीची तयारी करत होती लेक, आणि झोप उडाली होती माझी. वयाच्या अटीत बसणारं तिचं हे शेवटचं वर्ष. यांनी तर सांगूनच ठेवलं होतं, "या खेपेला झालं तर झालं, नाहीतर स्थळं बघायला घेऊ." तिला वर्दी हवी होती. मलाही तिच्या अंगावर ती बघायची होती, खोटं कशाला बोलू?

सगळं अडलं होतं आठशे मीटरवर. मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली झकास जायची, दुसरीत पाय ओढायची. मग मी तिच्या नाश्त्याच्या मागे लागले. पोहे दिले, तर दुसऱ्या फेरीआधीच पोटात कावळे. पराठा दिला, तर धावताना ढेकरा. एका रविवारी हे कौतुकानं तिला मिसळ खायला घेऊन गेले. आता नाशकात राहून मिसळीला नको कोण म्हणणार? पण तर्री इतकी चापली की बाईसाहेब दुपारभर आडव्या, आणि दुसऱ्या दिवशी सराव बुडाला. मी यांच्यावर अशी उखडले, की शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

पंचवटीच्या बाजारात पेठ तालुक्यातली एक बाई नागली, म्हणजे आपली नाचणी, विकायला बसते. भाव विचारता विचारता मी तिच्यापुढे सगळं रडगाणं गायले. ती हसली. "आंबील दे पोरीला. आमच्या पोरी तेवढ्यावर डोंगर चढतात."

आठवड्याभरात फरक दिसला. नागलीची आंबील, गुळाचा खडा, वर एक केळं. पोरगी मैदानावरून येऊन अंग टाकायची, ती आता येऊन बडबड करायला लागली. दुपारपर्यंत अभ्यासाला बसायची, एक जांभई नाही. शिकवणारे सर म्हणाले, "अशीच धावली तर बसेल यादीत." किती दिवसांनी मला धड झोप लागली.

मग चाचणीची तारीख आली. मी कॅलेंडर बघितलं. संकष्टी!

झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी गणपतीपुढे मीच बोलून बसले होते: नोकरी लागेपर्यंत लेक संकष्टी करील. नवस माझा, उपास तिचा. आणि नागली काही उपासाला चालत नाही.

त्या पहाटे ती बूट घालून ओट्यापाशी आली. म्हणाली, "आई, आजच्या दिवस आंबील घेऊ का?"

"वेडी का तू? ज्याच्यासाठी दोन वर्षं उपास केले, त्यालाच आज नाराज करायचं?"

मी साबुदाण्याची खिचडी केली. ताकद हवी म्हणून तूप सढळ, दाण्याचं कूट मूठभर जास्तच. दोन घास उरले होते, तेही "संपव गं" म्हणून संपवायला लावले. माझा जीव आणखी कशानं शांत होणार होता?

पालकांना आत सोडत नव्हते. आम्ही दोघं फाटकाबाहेर उभे. आत शिट्टी वाजली की मी फाटकाच्या गजांतून डोकवायचे. हे तीनदा चहा पिऊन आले, मी फाटक सोडलं नाही. ऊन चढल्यावर ती बाहेर आली. ओठ पांढरे पडलेले. मी चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"काही सेकंदांनी गेलं," ती म्हणाली.

"अगं, पण रोज तर होत होतं!" हे म्हणाले.

"बूट चावत होता, बाबा."

बूट चांगले दोन महिने वापरातले होते. तिनं पोटावर हात दाबून धरला होता, आणि मी बघतेय म्हटल्यावर तो काढून घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, ओरड गं माझ्यावर, चारचौघांत ओरड. पण ती रिक्षात जाऊन बसली.

घरी आल्या आल्या मी कुकर लावला. गरम वरणभात वाढला, तिच्यासमोर ताट ठेवलं. म्हटलं, "जेव. गेला तो उपास खड्ड्यात. पाप लागलं तर मला लागू दे."

तिनं ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

"चंद्र निघाल्यावर जेवीन, आई," ती म्हणाली. "आता कशाला मोडायचा? आता मला कुठे पळायचंय?"