तासाला एकच बाई

व्हर्लीन स्टब्स गायला उभी राहिली की आर्कान्सातल्या त्या कापसाच्या गावात पुरुष आधी हसायचे आणि मग गप्प बसायचे. गिटार ती चर्चमध्ये शिकली, पाद्रीबुवांच्या बायकोकडून. आठवडाभर शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवायच्या आणि शनिवारी नाचाचा हॉल दणाणून सोडायचा, हा तिचा शिरस्ता. १९५७ साली मेम्फिसच्या एका छोट्या कंपनीने तिची रेकॉर्ड काढली. मालकाने बजावलं, "तुझ्याच गावच्या रेडिओवर महिनाअखेरपर्यंत वाजली नाही, तर दुसरी विसर."

वाजायला हरकत काय होती? गाणं फक्कड होतं. पण रेडिओवाल्यांचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळत: तासाला एकच गायिका. दोन झाल्या तर ऐकणारा कंटाळतो म्हणे. पुरुषांची अकरा गाणी लागोपाठ लावली तरी कुणाचे कान किटत नव्हते. बायका काय एकमेकींच्या सवती होत्या? आणि ती एक जागा टेक्ससच्या ओपल रीडीकडे होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी व्हर्लीन कामावर खाडा करून, रेकॉर्ड काखोटीला मारून थेट रेडिओ स्टेशनात गेली. गाणी लावणारा हॉइट टॅली तिला लहानपणापासून ओळखायचा.

"झकास गातेस गं पोरी," तो म्हणाला. "माझी बायकोसुद्धा तुझंच गाणं गुणगुणत असते."

"मग लावा की, हॉइटकाका."

"अडचण तुला ठाऊक आहे. बरं, तुझ्या आईकडे बघून एक करतो. आजपासून ओपलला काढतो, तुला घेतो. झालं समाधान?"

व्हर्लीनने त्याच्यापुढची यादी ओढून वाचली. "बारातले अकरा बाप्ये आहेत इथं. त्यातला एक काढा."

"म्हणजे तासात दोन बायका? डोकं फिरलंय का तुझं?"

"ओपलने माझं काय घोडं मारलंय?"

"ती काय तुझी बहीण लागून गेली? तोंडाशी आलेला घास टाकू नकोस."

घास तिला हवाच होता. दुसऱ्या रेकॉर्डची दोन गाणी तिने लिहूनही ठेवली होती. नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश होता. तिने यादी त्याच्यापुढे परत सरकवली.

"मग राहू द्या," ती म्हणाली आणि रेकॉर्ड उचलून घरी आली.

आईने दोन दिवस अबोला धरला. कंपनीने शब्द पाळला. पाळण्यासारखा तेवढाच शब्द सापडला त्यांना. पुढची सव्वीस वर्षं व्हर्लीनने कॉलरी शिवल्या. गाव अजून तिला आडमुठी म्हणतं. हेच एखाद्या बाप्याने केलं असतं, तर त्याला बाणेदार म्हटलं असतं.

ओपलला यातलं काही कळलं नाही. ऑगस्टमध्ये नॅशव्हिलहून एका नव्या पोरीची रेकॉर्ड आली, आणि हॉइटने ओपलची रेकॉर्ड फडताळात टाकून दिली.