व्हॅनची पुढची सीट

मंडळी, आत्ताच आम्ही कोहमाऱ्याहून परत आलो. दादानं एक जुनी व्हॅन माझ्यासाठी तयार करून घेतली. मागून रॅम्पवरून माझी व्हीलचेअर सरळ आत जाते आणि चाकं हुकांनी जखडली जातात. आता कुठं जायचं तर मला कोणी उचलून ठेवायची गरज नाही.

तिथल्या गॅरेजात आईनं व्हॅनच्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. सगळे खूश होते. माझी नजर मात्र ड्रायव्हरच्या सीटवर खिळली.

अपघाताआधी आमच्या धानाच्या बांध्यांत चिखलणीचा ट्रॅक्टर मीच चालवायचे. ट्रॅक्टरला रेस वाढवायचा दांडा हाताजवळच असतो. मिस्त्रीला विचारलं, "भाऊ, तसा दांडा या गाडीले बसते का? क्लच, ब्रेकबी हातानंच?"

"बसते ना बाई. पयलेच सांगाचं होतं."

दादा पाहतच राहिला. "तुले चालवाची होती? मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू इचारलंच कुठी?"

त्यानं ड्रायव्हरच्या सीटकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "धान निघू दे, पैसे आले का मंग पाहू."

येताना सडकेच्या बाजूला चिखलणी सुरू होती. मी मागे, हुकांत अडकलेली. घर येईपर्यंत माझा उजवा हात गाडीत नसलेला दांडा ओढत होता.

मंडळी, आपल्यात कोणी फक्त हातांनी गाडी चालवतं का? धान निघायला अजून खूप वेळ आहे. तोवर मला एकदा तुमच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसवाल?